नालबंदाचे इंग्रजी आणि माझे

षड्रिपूंची नावे पाठ करताना मत्सर शेवटी येतो, म्हणून बालपणी मी त्याला सर्वांत धाकटा आणि निरुपद्रवी समजत असे. पहिल्या पाचांशी माझा फारसा परिचय झाला नाही. देवीच्या कृपेने आयुष्य बेताचे आणि नेमाचे गेले. सहाव्याने मात्र मला वयाच्या सव्विसाव्या वर्षी गाठले आणि वर्षभर माझ्या घरी मुक्काम केला. तो सरकारी पागेतील एका नालबंदाच्या रूपाने आला, आणि इंग्रजी भाषेच्या वाटेने आला.

महाराज गादीवर येऊन तेव्हा काही वर्षे लोटली होती. शहरात नवे वारे होते. ज्यांच्या घरात कधी पाटी आली नव्हती त्यांची मुले शाळेत जाऊ लागली होती, आणि आमच्या गल्लीत त्याविषयी जे बोलले जाई ते मी येथे लिहीत नाही. मी स्वतः बोलत नसे, एवढेच. मनात मात्र तेच असे. मी अंबाबाईच्या देवळाशेजारच्या एका लहान पाठशाळेत व्याकरण आणि काव्य शिकवीत होतो. गुरुजी वारले आणि पाहता पाहता पाठशाळा ओस पडली. शेवटी दोन विद्यार्थी उरले, त्यांपैकी एक मामलेदार कचेरीत उमेदवारीला लागला आणि दुसरा गावी गेला तो परत आला नाही.

गडहिंग्लजहून माझ्या मेहुण्याचे पत्र आले. त्याच्याकडे उपाध्येपण होते, काम वाढले होते. मी तेथे येऊन श्राद्धे, सत्यनारायण, लग्ने यांत हात द्यावा, असे त्याने प्रेमाने लिहिले होते. त्यात कमीपणा नव्हता. परंतु बारा वर्षे जे अध्ययन केले ते पुढे कोणाला न देता, पिंडदानाच्या पाटांवर बसून आयुष्य संपवायचे, ही कल्पना मला सोसेना. एकच मार्ग दिसत होता. हायस्कुलातील संस्कृतचे शिक्षक दिवाळीनंतर निवृत्त व्हायचे होते. ती जागा मिळाली तर कोल्हापूर सुटणार नव्हते आणि संस्कृतही सुटणार नव्हते. अडचण अशी की हायस्कुलात संस्कृतसुद्धा इंग्रजीतून शिकवीत. तेथील मुख्याध्यापक इंग्रज होता. शास्त्री घेण्यास त्याची हरकत नव्हती, पण त्या शास्त्र्याने आपल्यासमोर बसून इंग्रजीत बोलून दाखवावे, एवढी त्याची अट होती.

म्हणून मी आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या एका वृद्ध, निवृत्त मास्तरांकडे इंग्रजी शिकू लागलो. ते तिसऱ्या प्रहरी आपल्या ओसरीवर चार-पाच प्रौढांना शिकवीत. बाकीचे कारकून होते, त्यांचा या हकिकतीशी संबंध नाही. परंतु पायरीवर, कारकुनांपासून हातभर अंतर राखून, एक दणकट, माझ्याच वयाचा मुसलमान गृहस्थ बसलेला असे. कामावर कमरेला बांधायचे कातडे तो दाराबाहेर खुंटीला अडकवून येई, तरी जळलेल्या खुराचा वास त्याच्याबरोबर आत येई. पिढ्यान्‌पिढ्या पागेतील घोड्यांना नाल ठोकण्याचे काम त्याच्या घरात होते. घोड्यांच्या गोऱ्या डॉक्टराबरोबर आठ वर्षे काम करून त्याने कानाने इंग्रजी उचलले होते. अक्षर मात्र एक ओळखत नव्हता, आणि औषधांच्या बाटल्यांवरील चिठ्ठ्या वाचता याव्यात म्हणून तो मास्तरांकडे येत होता.

मास्तरांचा नेम असा की धडा सुरू होण्यापूर्वी प्रत्येकाला काल काय केले ते इंग्रजीत विचारायचे. नालबंदाची पाळी आली की कारकून आधीच हसण्याच्या तयारीत बसत.

"यस्टरडे, सर, ब्लॅक हॉर्स किक मी," तो सांगे. "आय से, व्हाय? ही नो टेल."

मास्तर डोळे पुसत हसत, मग ते वाक्य सुधारून सांगत, आणि नालबंद ते सुधारलेले वाक्य मोठ्याने म्हणून पुन्हा नवी चूक करी. त्यावर दुसऱ्यांदा हसे होई. तो स्वतःही हसे.

माझी पाळी आली की ओसरी शांत होई. मी घरून तयार करून आणलेले एकच निर्दोष वाक्य म्हणे, की काल मी माझा धडा वाचला. हे मी पंधरा दिवस रोज सांगितले. सोळाव्या दिवशी पायरीवरून आवाज आला:

"बुवा, रोज नुसता लेसनच? येक दिस तरी जेवा की!"

कारकून तर हसलेच, पण मास्तरही हसले. त्या हसण्याने माझ्या मनात जे उठले त्याचे नाव मला त्या वेळी कळले नाही. मला वाटले तो अपमान होता. वस्तुतः तो अपमान नव्हता. मास्तर माझ्या वाक्यावर कधी हसले नव्हते, आणि त्याच्या वाक्यावर रोज हसत. मास्तरांच्या मुद्रेवरील तो आनंद मला हवा होता.

आता माझी अभ्यासाची रीत सांगितली पाहिजे, कारण सारा घोटाळा तिच्यात होता. पाठशाळेत आम्ही शब्द शिकलो ते श्लोकांतून. आधी देवांची नावे, मग स्वर्गाची, मग पृथ्वीची, मग राजाची; कोश असा पाठ असे की झोपेतून उठवले तरी ओळ तुटू नये. इंग्रजी शब्द आठवणीत राहण्यास याहून उत्तम उपाय मला दिसेना. मी मास्तरांचे शब्द घेऊन अनुष्टुभात बसवू लागलो. आरंभ अर्थात ईश्वरापासून केला. राजवर्गातील ओळ मला अजून येते: 'किंग् च क्वीन् च तथा प्रिन्सो मिनिस्टर् सोल्जरेव च.' अक्षर कोठे कमी-अधिक नाही. श्लोक पक्का झाला की मी त्याचा क्रमपाठ करी, म्हणजे वेदपाठी ब्राह्मण करतात त्याप्रमाणे पहिला शब्द दुसऱ्याशी, दुसरा तिसऱ्याशी, तिसरा चौथ्याशी जोडून म्हणत जाई, की एकही शब्द आपल्या जागेवरून हलू नये. स्नानानंतर, संध्येनंतर, जेवणानंतर हे चाले. आमच्या मंडळींना ते देवाचेच काही वाटे. एकदा तिने विचारले, "अहो, हे कुठलं स्तोत्र? फार खणखणीत आहे." मी सांगितले की हे इंग्रजी आहे. तेव्हा ती म्हणाली, "मग सोवळ्यात कशाला म्हणता?"

सहा महिन्यांत माझे बाराशे शब्द झाले. मास्तरांनी वाचायला दिलेले कोणतेही पान मी कोशाच्या साहाय्याने उलगडून दाखवीत असे. मास्तरांनी मला नालबंदाला अक्षरे शिकविण्यास सांगितले, आणि गुरूची आज्ञा म्हणून मी ती मानली. मी पायरीच्या वरच्या बाजूस बसे, तो खाली. घरी जाऊन मी स्नान करी. ती त्या काळची रीत होती. आज लिहिताना तिचा मला अभिमान वाटत नाही. त्याने अक्षरे किती लवकर उचलावीत! बोटाने जमिनीवर गिरवून, प्रत्येक अक्षराला घोड्याच्या अंगाचे काही नाव ठेवून, तो दोन महिन्यांत बाटलीवरील चिठ्ठ्या वाचू लागला. मी बारा वर्षे गुरुगृही राहून जे पाठ केले त्याच्या अभिमानावर रोज एक एक अक्षर पडत होते. तो चुकला की मला बरे वाटे, आणि मग सायंसंध्येला बसलो की त्या बरे वाटण्याची लाज वाटे. लाज वाटूनही दुसऱ्या दिवशी मी तो चुकण्याची वाट पाहत असे.

एके दिवशी मास्तर म्हणाले, "आज शिकण्याचे शब्द शिकू. भाषा शिकायला निघालेल्या माणसाला त्या भाषेत आधी शिकण्याबद्दल बोलता आलं पाहिजे. नाहीतर अडला तरी सांगणार कसा?" आणि त्यांनी फळ्यावर लिहून दिले: अर्थ विचारण्याचा शब्द, उच्चाराचा, चुकीचा, सरावाचा, मी विसरलो, मला आठवते, मला समजले नाही, पुन्हा सांगा, सावकाश सांगा. शेवटी 'फ्ल्यूएंट' असा एक शब्द लिहून ते म्हणाले, "वाहत्या पाण्यासारखी ज्याची वाणी चालते तो."

मी घटकाभरात ते सारे शब्द श्लोकात बसविले आणि काम झाले असे मानले. नालबंदाने त्यांतले दोनच उचलले. 'रिपीट' आणि 'मिस्टेक'. पुढचे आठ दिवस त्याने ते दोन शब्द सगळ्या गावावर वापरले. भाजीवालीला तो "रिपीट" म्हणे. घोड्याने पाय आखडला की घोड्याला "मिस्टेक!" म्हणे. मास्तरांनी काही सांगितले आणि कळले नाही की हात वर करून "रिपीट प्लीज, सर!" असे ओरडे, दोनदा, तीनदा, चारदा, अर्थ हाती येईपर्यंत. मला ते ऐकवत नसे. आमच्या वादसभांत प्रतिपक्षाचे वाक्य तीनदा सांगूनही जो समजले नाही म्हणतो तो हरला, असे मानले जाते. ते पराभवाचे एक ठरलेले स्थानच आहे. मी लहानपणापासून सभेत न कळलेल्या वाक्यावरही मान हलवून पुढचे वाक्य पकडायला शिकलो होतो. आणि हा माणूस दिवसातून वीस वेळा हसत हसत हरत होता.

त्या आठवड्याच्या अखेरीस मास्तर त्याच्याकडे पाहून म्हणाले, "हा फ्ल्यूएंट होणार. याला कोणी अडवू शकत नाही."

मी वाट पाहिली. मास्तर माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "आणि शास्त्रीबुवा ॲक्युरेट आहेत."

घरी येऊन मी कोशात पाहिले. अचूक. निर्दोष. ज्या शब्दासाठी पाठशाळेत मी तप केले असते तो शब्द मला शिवीसारखा लागला. मला दुसरा हवा होता. त्याला दिलेला.

आता दिवाळी दूर राहिली नव्हती. नालबंदाला माझी अडचण ठाऊक होती, कारण ओसरीवर सर्वांनाच ती ठाऊक होती. एके दिवशी धडा संपल्यावर दाराबाहेर कमरेला कातडे बांधता बांधता तो म्हणाला, "शास्त्रीबुवा, येक इचारू? सकाळच्याला माझ्यासंगं पागेत चला की. आमचा डाक्टरसाहेब लई बोलतुया. त्येच्या म्होरं चार दिस हुबं ऱ्हायला तर तोंड सुटंल तुमचं."

हे प्रेमाने बोललेले मला समजले. समजूनही मी म्हणालो, "घोड्यांशी बोलायचं इंग्रजी मला नको."

त्याने कातड्याची गाठ मारली. मग म्हणाला, "घोडं मराठीच समजतंय, बुवा," आणि निघून गेला.

ठरलेल्या दिवशी मी देवीला अभिषेक करून, धुतलेले धोतर आणि नवे उपरणे घेऊन हायस्कुलात गेलो. मुख्याध्यापकसाहेबाने मला खुर्ची दिली. तो उंच, लाल चेहऱ्याचा आणि सभ्य माणूस होता. शेजारी एक कारकून बसला होता. साहेब हसला आणि काहीतरी म्हणाला.

ते मला कळले नाही. मास्तरांच्या तोंडून येणारे इंग्रजी आणि साहेबाच्या तोंडून येणारे इंग्रजी यांत नदी आणि धबधबा यांच्याइतके अंतर होते. वाक्य संपले आणि साहेब माझ्याकडे पाहत राहिला. पुन्हा सांगा, असे म्हणायचे होते. तो शब्द मला येत होता. शिकण्याच्या श्लोकात, तिसऱ्या चरणात होता. परंतु तिसऱ्या चरणात थेट उतरण्याची मला सवय नव्हती. क्रमाने गेल्याशिवाय कोणताच शब्द मला हाती लागत नसे, आणि घाबरल्यामुळे त्या श्लोकाचा आरंभही सापडेना. मी पहिल्या श्लोकापासून, ईश्वरापासून, मनात म्हणू लागलो. ओठ हलत असावेत. स्वर्ग झाला, पृथ्वी झाली, राजवर्ग आला. तेवढ्यात मी पाहिले की साहेबाने लेखणी खाली ठेवली आहे, हात जुळवून मांडीवर घेतले आहेत आणि मान लवविली आहे. कारकूनही मान खाली घालून बसला आहे. ते थांबले आहेत असे पाहून मी अधिक घाईने म्हणू लागलो, आणि सोल्जरपाशी अडखळलो.

शेवटी कारकून हळूच म्हणाला, "शास्त्रीबुवा, प्रार्थना आटोपली का? साहेब विचारतात, तुम्ही इंग्रजी कसं शिकलात?"

मी मराठीत काहीतरी उत्तर दिले. साहेबाने ते कारकुनाकडून ऐकून घेतले, मायेने मान हलविली आणि सांगितले की माणूस विद्वान दिसतो, पण वर्गात मुले विचारतील तेव्हा प्रत्येक वेळी इतका वेळ मिळणार नाही. त्याने मला एक महिना दिला. महिन्यानंतर दुसरा उमेदवार पुण्याहून येणार होता.

घरी मंडळींना सांगितले. तिने कपाटातून मेहुण्याचे पत्र काढून देवापुढे ठेवले. त्या रात्री मी जप केला, पण जपात पुन:पुन्हा एकच गोष्ट येत होती. त्या खुर्चीवर माझ्या जागी नालबंद असता तर काय झाले असते? त्याने हात वर करून "रिपीट प्लीज" म्हटले असते, साहेब हसला असता, आणि दुसऱ्या घटकेला दोघे घोड्यांविषयी बोलत असते. त्याला संस्कृतचे एक अक्षर येत नव्हते, तरी त्या खुर्चीवर तो माझ्यापेक्षा अधिक शोभला असता, हे मला दिसत होते आणि सोसत नव्हते.

तीन दिवस मी स्वतःशी भांडलो. चौथ्या दिवशी सकाळी पागेकडे गेलो.

तो एका घोडीचा मागचा पाय मांडीवर घेऊन कानशीने खूर घाशीत होता. उठला नाही. उठता येण्यासारखे नव्हतेच.

"पावणं, वाट चुकलासा व्हय?"

"तुम्हाला भेटायला आलो," मी म्हणालो. इतके दिवस मी त्याला अरे-तुरे करीत होतो. ते 'तुम्ही' माझ्या तोंडून आपोआप निघाले.

त्याने मान वळवून मागे पाहिले. "माझ्या माघारी कोण हुबं हाय काय?"

मी हसू शकलो नाही. हायस्कुलात काय घडले ते सांगितले, प्रार्थनेसह. त्याने खूर खाली ठेवला, भात्याच्या खांबाला पाठ लावली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. हसून झाल्यावर त्याने एक नाल उचलून माझ्यासमोर धरला आणि इंग्रजीत विचारले की हे काय आहे.

मी मनात श्लोक धुंडाळू लागलो. हा शब्द माझ्या बाराशेंत नव्हता.

"म्हणा की, न्हाय म्हाईत. इंग्लिशमदी."

"आय डोन्ट नो," मी पुटपुटलो.

"जोरात. घोडीलाबी कळू द्या, तुमास्नी येत न्हाय त्ये."

असा माझा पाठ सुरू झाला. महिनाभर, स्नानापूर्वी, मी पागेत उभा राहत असे. तो हातोडा, ऐरण, सांडशी, लगाम, एकेक वस्तू समोर धरी आणि मी मला माहीत नाही म्हणे. मग मी त्याला विचारायचे, याला काय म्हणतात? तो मुद्दाम भरभर, अर्धे चुकीचे इंग्रजी बोले, की मला पुन्हा सांगा म्हणावे लागावे. मान हलविली की तो ओळखी. "बुवा, ती मुंडी हलवू नगा! कळलं न्हाय तर न्हाय म्हणा." घोड्यांची निगा राखणारे मोतद्दार गोळा होत. एकदा घोड्यांचा डॉक्टरसाहेब येऊन माझ्याशी काही बोलला, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा एका गोऱ्या माणसाला पुन्हा सांगा म्हणालो. त्याने पुन्हा सांगितले. त्याने विचारले होते, पाऊस पडेल का. एवढेच.

"लोक हसतात ते तुम्हाला लागत नाही?" मी नालबंदाला एकदा विचारले.

"हसू द्या की. हसत हसत दुसऱ्यांदा सांगत्यात."

हे इतके सोपे होते आणि मला ते येत नव्हते. चुका करण्याचे त्याचे ते स्वातंत्र्य, चारचौघांत न येण्याची ती निर्भय मोकळीक, याचा मला जितका मत्सर वाटला तितका त्याच्या उच्चारांचा वाटला नव्हता. इंग्रजी मी पाठ करू शकत होतो; ते पाठ करता येत नव्हते. तो मला देत होता आणि मी घेत होतो, तरी देणाऱ्याविषयी कृतज्ञता वाटण्याऐवजी त्याच्यापाशी ते आहे याचाच राग येई. देवीसमोर मी याची क्षमा मागितली आहे. तिने ती केली असेल, पण तेव्हा उपयोग झाला नाही.

महिना संपला. साहेबाने पुन्हा खुर्ची दिली. पुन्हा काहीतरी म्हणाला, आणि मला पुन्हा कळले नाही.

"प्लीज रिपीट, सर," मी म्हणालो. आवाज पागेतल्यासारखा मोठा निघाला. "स्लोली."

साहेबाने भुवया उंचावल्या आणि सावकाश पुन्हा विचारले. मग बोलणे सुरू झाले. मी पाच-सहा वेळा अडलो, अडलो असे सांगितले, आणि प्रत्येक वेळी त्याने हात दिला. त्याने मला एक श्लोक देऊन त्याचा अर्थ इंग्रजीत सांगण्यास सांगितले. अर्थ मी सांगितला, एका शब्दासाठी थांबलो, आणि त्यालाच विचारले की याला काय म्हणतात. त्याला ते आवडले. शेवटी त्याने जवळजवळ महिन्यापूर्वीचाच प्रश्न विचारला. या वेळी तो मला पहिल्या खेपेसच समजला. इतक्या थोड्या दिवसांत तुम्ही बोलायला कोणाकडून शिकलात?

उत्तर माझ्या जिभेवर होते. नालबंदाला इंग्रजीत काय म्हणतात ते त्यानेच मला शिकविले होते. मी मास्तरांचे नाव सांगितले.

साहेबाने ते नाव ओळखले, आदराने मान हलविली आणि जागा माझी झाली.

संध्याकाळी पेढे घेऊन मी पागेत गेलो. न जाऊन भागण्यासारखे नव्हते. तो पांढऱ्या घोडीला शेवटचा नाल ठोकीत होता, दातांत खिळे होते. त्याने हाताने खूण केली, बसा. मग खिळे काढून म्हणाला, "गावली न्हवं जागा? तुमच्या थोबाडावरच दिसतंय. आता सगळं सांगा. पयल्यापास्नं. साहेब काय म्हणला, तुमी काय म्हणला."

मी सांगू लागलो. तो प्रत्येक वाक्य मला पुन्हा म्हणायला लावी, आणि मी कोठे अडलो ते ऐकून मांडीवर हात मारी. "आन् शेवटाला?" त्याने विचारले.

मी त्याला खोटे सांगू शकलो नाही. साहेबाने कोणाकडून शिकलात असे विचारले, आणि मी मास्तरांचे नाव सांगितले, असे मी म्हणालो.

"बराबर हाय की," तो म्हणाला. "मास्तरच की आपलं. मी काय, घोड्याचा मानूस."

मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले. त्याला लागावे, निदान थोडे लागावे, अशी माझी इच्छा होती. म्हणजे मी त्याचा गुन्हेगार झालो असतो आणि क्षमा मागून मोकळा झालो असतो. त्याला लागले नव्हते. तो पेढा खात होता आणि घोडीलाही तुकडा देत होता. मग त्याने सहज विचारले:

"साहेबानं बसाया खुर्ची दिली हुती?"

"दिली होती."

"दोन्ही येळंला?"

"हो."

"आमच्या डाक्टरसाहेबाकडं आठ वर्सं झाली," तो म्हणाला, "मला कवा न्हाय दिली."

हे त्याने तक्रारीने म्हटले नाही. खूर उचलून मांडीवर घेतला आणि तो नालाची कड बोटाने चाचपू लागला. वर्षभर मी वाट पाहत होतो की या माणसाला माझ्यापाशी असलेले काहीतरी हवेसे वाटावे. ते त्या संध्याकाळी वाटले. मी उपरण्याचे टोक बोटांभोवती गुंडाळीत उभा राहिलो. मला आनंद झाला, हे मी नाकारीत नाही. तो आनंद मी कोठे ठेवू, हे मला कळेना.

"फुडं सांगा," तो म्हणाला. "थांबलासा का?"

खुर्ची कशी होती ते मी त्याला सांगू लागलो. वेताची होती, हात होते, एक हात जरा डुगडुगत होता.